शाळेच्या स्वयंपाकघरातील भांड्यांचे वय मोजले पाहिजे

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

विषय : शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाक साहित्यासाठी मिळणारे अनुदान

महोदय,

शालेय पोषण आहाराविषयी वाचकांची पत्रे आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून प्रसिद्ध होतात. तांदळात सोंडे निघाले, खिचडी पाणचट होती, डाळ वेळेवर आली नाही, स्वयंपाकी मदतनीस भगिनींचे मानधन थकले, असे त्या पत्रांचे विषय असतात आणि ते सगळेच रास्त आहेत. मात्र तो तांदूळ ज्या पातेल्यात शिजतो, ज्या शेगडीवर ते पातेले चढते आणि ज्या कोठीत ते धान्य महिनाभर राहते, त्यांच्याविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि आता गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून काम पाहतो. नोकरीत असताना जे सांगायला सवड झाली नाही, ते आज आपल्या माध्यमातून सांगावे, अशी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीआधी मी शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो होतो. मोठे ॲल्युमिनियमचे पातेले घासून उन्हात उपडे घातलेले होते. त्याच्या बुडाला रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवलेला आहे आणि त्या तुकड्याच्या कडेने एक काळी रेघ दिसते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पातेले आतून-बाहेरून लख्ख केले होते, पण ती रेघ जात नाही, कारण ती रेघ म्हणजे डागाखालची फट आहे आणि तिच्यात आदल्या दिवशीचा भात अडकून राहतो. रोज सकाळी तांदूळ निवडण्याआधी मावशी खराट्याचा एक हीर धुऊन घेतात, त्याने ती फट कोरून काढतात, मग त्यावर उकळते पाणी ओततात आणि त्यानंतरच चूल पेटवतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही आणि त्याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही. पातेल्याच्या दोन कड्यांपैकी एक केव्हाच निखळली आहे, त्यामुळे एकीकडे सांडशी आणि दुसरीकडे पाण्यात भिजवलेला पोत्याचा तुकडा धरून दोघीजणी ते खाली उतरवतात.

हे पातेले किती जड असते, याची कल्पना येण्यासाठी थोडा हिशेब मांडतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला योजनेच्या निकषाप्रमाणे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल लागते. पट 120 असेल, तर 12 किलो तांदूळ, जवळपास अडीच किलो डाळ आणि 6 किलो भाजी एका वेळी शिजवायची असते. त्यात पाणी धरले, की पन्नास किलोंच्या वरचे उकळते अन्न दोन बायका कडी नसलेल्या भांड्यातून उतरवत असतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात असेच एक पातेले उतरवताना कलंडले आणि आमच्या मदतनीस ताईंचा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत भाजला. मुले त्या वेळी वर्गात होती, हे आमचे नशीब. ताई सव्वा महिना घरी होत्या आणि त्या काळात त्यांच्या सुनेने येऊन स्वयंपाक केला. त्या दिवशी मी वरिष्ठ कार्यालयाला जे पत्र लिहिले, त्याचे उत्तर मला निवृत्त होईपर्यंत मिळाले नाही.

उत्तर का मिळाले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि त्याचे कारण मला एखाद्या माणसाच्या बेपर्वाईपेक्षा आपल्या नोंद ठेवण्याच्या पद्धतीत अधिक दिसते. शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, भांडी नगावर लिहिलेली असतात. आमच्या रजिस्टरमध्ये आजही ‘पातेली मोठी, नग 6’ अशी नोंद आहे. त्या सहापैकी दोन धड आहेत, एक डाग मारून कसेबसे वापरात आहे, दोन गळकी आहेत आणि एकाचे बूड इतके पातळ झाले आहे, की त्यात खिचडी लावली तर तांदूळ फुलण्याआधी खालचा थर करपतो. तरीही ही चार भांडी आम्हाला टाकता येत नाहीत, कारण रीतसर निर्लेखन, म्हणजे निकामी म्हणून नोंदीतून वगळणे, झाल्याशिवाय सरकारी वस्तू कमी करता येत नाही, आणि काही शे रुपयांच्या मोडीसाठी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करून, त्यावर वर्षभर पाठपुरावा करण्याइतका वेळ दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे नसतो. त्यामुळे ती मोडकी भांडी कोठीखोलीत एकावर एक रचून ठेवलेली असतात, आणि नव्या भांड्यांची मागणी गेली, की कार्यालयातून विचारणा होते : तुमच्याकडे सहा पातेली असताना आणखी कशाला हवीत? विचारणाऱ्या लिपिकाचेही चुकत नाही, कारण त्याच्यासमोरच्या कागदावर सहाच लिहिलेले असते. भांड्यांची संख्या आपण मोजतो, त्यांचे वय आणि अवस्था मोजत नाही, हे या सगळ्या अडचणीचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

वास्तविक योजनेत वयाची तरतूद आहे. स्वयंपाक साहित्यासाठी पूर्वी प्रत्येक शाळेला सरसकट 5,000 रुपये मिळत. 2019 मध्ये केंद्र सरकारने तो दर पटाशी जोडला : 50 पर्यंत पट असलेल्या शाळेला 10,000 रुपये, 51 ते 150 पटाला 15,000, 151 ते 250 पटाला 20,000 आणि त्याहून मोठ्या शाळेला 25,000 रुपये. हे साहित्य दर पाच वर्षांनी बदलता यावे, अशी सोयही त्यात आहे. याच निर्णयात दहा वर्षांहून जुन्या स्वयंपाकगृहांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी 10,000 रुपये देण्याचेही ठरले. खर्चाचा वाटा केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये, ज्या मध्यान्ह भोजन योजनेतून हा शालेय पोषण आहार चालतो, तिचे नाव ‘पी. एम. पोषण’ झाले आणि 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी तिला मंजुरी मिळाली, तेव्हा साहित्याचे हेच दर पुढे चालू राहिले. निर्णय चांगला होता आणि पाच हजारांच्या तुलनेत ती वाढ मोठी होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र हे दर खऱ्या पातेल्यावर आणि खऱ्या शेगडीवर ताडून पाहिले, की अडचण दिसते. 120 पटाच्या शाळेला पाच वर्षांसाठी 15,000 रुपये म्हणजे एका मुलामागे पाच वर्षांत 125 रुपये, वर्षाला 25 रुपये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान 200 दिवस भरते. म्हणजे एका मुलाचे जेवण शिजवण्याच्या साधनांवर दिवसाला साडेबारा पैसे. पातेली, झाकणे, शेगडी, नळी, रेग्युलेटर, परात, ओगराळे, वजनकाटा, धान्याच्या कोठ्या, पाण्याचे पिंप आणि मुलांची ताटे-पेले हे सगळे त्या साडेबारा पैशांत बसवायचे असते.

टप्पेही नीट पाहिले पाहिजेत. 51 पटाची शाळा आणि 150 पटाची शाळा यांना एकच रक्कम मिळते. 260 मुलांच्या शाळेला जे 25,000 मिळतात, तेच 600 मुलांच्या शाळेलाही मिळतात. 50 मुलांच्या शाळेत एका मुलामागे 200 रुपये येतात आणि 600 मुलांच्या शाळेत 42 रुपयेसुद्धा येत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सहावी ते आठवीच्या मुलाचे प्रमाण 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी असे, म्हणजे लहान मुलाच्या दीडपट आहे. दोन शाळांचा पट सारखाच 140 असला, पण एक चौथीपर्यंतची आणि दुसरीत निम्मी मुले वरच्या वर्गांतील असली, तर दुसरीला सव्वापट अन्न शिजवावे लागते. अनुदानाच्या कोष्टकात हा फरक कोठेच नाही. धान्य देताना आपण ग्रॅमचा हिशेब करतो आणि भांडे देताना तो विसरतो.

आणखी एक तुलना मला फार बोलकी वाटते. भाजी, डाळ, तेल, मसाला आणि इंधन यांच्यासाठीचा प्रतिदिन प्रतिविद्यार्थी दर केंद्र सरकार महागाईप्रमाणे वाढवत आले आहे. प्राथमिक वर्गांसाठी ऑक्टोबर 2022 पासून तो 5 रुपये 45 पैसे होता, डिसेंबर 2024 पासून 6 रुपये 19 पैसे झाला आणि मे 2025 पासून 6 रुपये 78 पैसे. उच्च प्राथमिकचा दर याच काळात 8 रुपये 17 पैशांवरून 10 रुपये 17 पैशांवर गेला. ही वाढ ठरवण्यासाठी श्रम ब्युरोचा ग्रामीण मजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक आधाराला घेतात, आणि या वाढी ठरल्या तेव्हा त्यासाठी 20 राज्यांतील 600 खेड्यांतून दर महिन्याला भाव गोळा केले जात. इतकी काळजीपूर्वक घडवलेली व्यवस्था हाताशी असताना भांड्यांचे दर मात्र 2019 चेच राहिले. भांडी बाजारात वजनावर विकली जातात. धातूचा भाव वाढला, की तेवढ्याच पैशात कमी वजनाचे, म्हणजे पातळ बुडाचे पातेले येते, ते लवकर करपते, लवकर गळते आणि पाच वर्षे टिकत नाही. आमच्या शाळेत एका वर्षी वरून तयार संच आला होता. त्यातील पातेल्याचे बूड पहिल्याच पावसाळ्यात फुगून गोल झाले आणि ते शेगडीवर डुगडुगू लागले. मावशी त्याला विटेच्या कपच्या लावून सपाट करत असत.

याच काळात ताटातले पदार्थ बदलले, आणि ते बदलायलाच हवे होते. जून 2024 मध्ये राज्य शासनाने रोजच्या एकाच खिचडीऐवजी तीन पदार्थांचे जेवण ठरवले : तांदूळ व डाळी-कडधान्याचा एखादा पदार्थ, मोड आलेली कडधान्ये आणि खीर किंवा नाचणी सत्त्वासारखा गोड पदार्थ. पाककृतींमध्ये पुढे फेरबदल झाले, पण एका वेळी एकाहून अधिक भांडी चढवण्याची गरज त्या निर्णयाने निर्माण झाली. पोषणाच्या दृष्टीने हे पाऊल योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा निर्णय शाळेत पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर दुसरी शेगडी आली नाही.

मोड आणायचे म्हणजे काय काय लागते, ते आमच्या मावशींकडून ऐकावे. मटकी आदल्या दिवशी दुपारी भिजत घालायची, त्यासाठी झाकणाचे रुंद भांडे हवे. संध्याकाळी पाणी काढून ती कापडात बांधायची, रात्रभर उंदरांपासून सांभाळायची, म्हणजे जाळीचे कपाट किंवा घट्ट झाकणाचा डबा हवा. शाळेत यातले काहीच नाही, म्हणून मावशी मटकी घरी नेतात, स्वतःच्या घरातल्या पातेल्यात भिजवतात आणि सकाळी डोक्यावर घेऊन येतात. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापायला लागते आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत शाळा सकाळची असते, जेवण लवकर तयार ठेवावे लागते, आणि भिजलेले कडधान्य एका रात्रीत बुळबुळीत होऊन त्याला आंबूस वास येतो. तसे झाले, की मावशी ते सरळ टाकून देतात आणि त्या दिवशी उसळ होत नाही. शेगडी एकच असल्यामुळे भात उतरेपर्यंत उसळ चढत नाही. मग ज्या दिवशी गोडाचा पदार्थ असतो, त्या दिवशी बाहेर तीन दगडांची चूल मांडून लाकडे पेटवावी लागतात आणि तो धूर पहिलीच्या वर्गात जातो.

दुष्काळी वर्षांचाही विचार झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले आणि एप्रिल 2004 मध्ये दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही ते द्यावे, असा आदेश दिला. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या तालुक्यांना दुष्काळ नवा नाही. अशा वर्षी तिथल्या शाळांची चूल सुट्टीतही पेटते आणि भांडी विश्रांतीशिवाय झिजतात. पाच वर्षांची मुदत ठरवताना हा जास्तीचा वापर कोणी धरत नाही.

भांडी आणि कोठ्या ही किरकोळ बाब आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी 16 जुलै ही तारीख आठवावी. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेत आग लागून 94 मुले गेली. आग दुपारचे जेवण शिजवण्याच्या झापाच्या छपराखालच्या स्वयंपाकघरातून पसरली होती. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन 23 मुले गेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. त्यानंतर मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्नाची चव घेण्यावर भर दिला गेला, आणि मी मुख्याध्यापक असताना तो नियम एक दिवसही मोडला नाही. परंतु चव घेणे हा शेवटचा पहारा आहे. त्याच्या कितीतरी आधी, तेलाचा डबा फक्त तेलाचाच असावा, त्याला झाकण आणि कुलूप असावे, धान्य जमिनीपासून वर असावे, छप्पर पेट घेणारे नसावे, नळीला चिरा नसाव्यात आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर व वाळूची बादली असावी, ही काळजी घ्यावी लागते, आणि या काळजीला पैसे लागतात. आमच्या शेगडीची नळी कधी बदलली, हे मी रजिस्टरमध्ये शोधले, तेव्हा मला तशी नोंदच सापडली नाही. त्याच आठवड्यात समितीच्या एका सदस्याने स्वतःच्या खिशातून नवी नळी आणून बसवली.

कायद्यानेही हा प्रश्न दानशूरांच्या मर्जीवर सोडलेला नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने 6 ते 14 वयोगटातील मुलांना शाळेच्या दिवशी मोफत जेवणाचा हक्क दिला, आणि त्याच कलमात पुढे प्रत्येक शाळेत अन्न शिजवण्याची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असली पाहिजे, असे म्हटले आहे. शहरी भागात गरजेप्रमाणे केंद्रीय स्वयंपाकगृह वापरण्याची मुभा आहे. खेड्यातील शाळेत मात्र शिजवण्याची सोय शाळेतच हवी. गळके पातेले आणि निखळलेली कडी ही सोय म्हणता येणार नाही.

ही सोय कोणासाठी आहे, तेही सांगतो. माझ्या शाळेत अशा अनेक मुली होत्या, ज्यांच्या आया विडी वळतात. पहाटे पाणी भरून झाले, की आई सूप मांडीवर घेऊन बसते, कारण हजार विड्या पुऱ्या केल्याशिवाय दिवसाची मजुरी पदरात पडत नाही. मुली चहात बटर बुडवून खातात आणि शाळेत येतात. अकरानंतर त्यांचे लक्ष फळ्यावर नसते, स्वयंपाकघराच्या दाराकडे असते. फोडणीचा वास वर्गात आला, की मी शिकवणे थांबवून पाढे म्हणायला लावत असे, कारण त्या वेळेत दुसरे काही डोक्यात शिरत नाही. ज्या दिवशी खिचडी करपायची, त्या दिवशी याच मुली वरचा वरचा भात वेचून खायच्या आणि खालचा काळा भाग ताटात मागे राहायचा. करपलेल्या थराबरोबर त्यांच्या वाट्याचे धान्य वाया जाते, आणि आपल्या कागदावर त्या दिवशी शंभर टक्के लाभार्थी लिहिले जातात.

आता अनुदान वेळेवर का येत नाही, याविषयी. राज्य सरकार दरवर्षी वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक केंद्राकडे पाठवते आणि तेथील मंजुरी मंडळ त्याला मान्यता देते. भांडी बदलण्याची मागणी त्या आराखड्यात असेल तरच पैसे येतात, आणि ती मागणी शाळांनी दिलेल्या माहितीवर तयार होते. माझा अनुभव असा, की ही माहिती ‘आजच्या आज’ मागवली जाई. भांडी कोणत्या वर्षी घेतली, या रकान्यात काय लिहावे, हे नव्याने आलेल्या शिक्षकाला ठाऊक नसे, म्हणून तो रकाना मोकळा राही किंवा अंदाजाने भरला जाई. मोकळा रकाना म्हणजे मागणी नाही, असा अर्थ पुढे निघत असणार. पैसे आलेच तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येत आणि चार दिवसांत खरेदी करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागे. चार दिवसांत माणूस दुकानात असेल ते घेतो, हवे ते घेत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आहे. दरवर्षी उन्हाळी सुट्टी संपण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आपल्या केंद्रातील प्रत्येक शाळेचे स्वयंपाकघर मुख्याध्यापक आणि स्वयंपाकी भगिनींसह पाहावे, प्रत्येक भांड्यावर खरेदीचे वर्ष ठोकून घ्यावे आणि वापरण्याजोगे नसलेले साहित्य त्याच भेटीत निर्लेखनासाठी वेगळे काढावे. ठरावीक किमतीपर्यंतच्या स्वयंपाक साहित्याच्या निर्लेखनाचा अधिकार केंद्रप्रमुख किंवा तालुका पातळीवर द्यावा. यासाठी नवा निधी लागत नाही. एकदा रजिस्टरमध्ये ‘नग 6’ च्या जागी ‘वापरण्यायोग्य 2’ असे लिहिले गेले, की मागणी आपोआप खरी होईल आणि ती नाकारणेही कठीण जाईल. स्वयंपाकी भगिनींना या पाहणीत बरोबर घेण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे त्यांचे मानधन 2009 पासून महिना 1,000 रुपये एवढेच आहे, राज्य त्यात भर घालते, आणि तरीही कोणते पातेले किती दिवस टिकेल हे त्यांच्याइतके अचूक कोणालाच सांगता येत नाही. त्यांचे मत आजवर कोणत्याही फॉर्मवर विचारलेले मी पाहिलेले नाही.

राज्य आणि केंद्र सरकारकडे मागणी अशी, की योजनेच्या पुढील कालावधीचे दर ठरवताना साहित्याचे अनुदान टप्प्यांऐवजी शिजवायच्या धान्याच्या वजनावर काढावे, म्हणजे वरच्या वर्गांची दीडपट आपोआप धरली जाईल, आणि भाजी-तेलाच्या दराप्रमाणेच त्यालाही निर्देशांक लावावा. तीन पदार्थांच्या जेवणासाठी दुसरी शेगडी, मोड आणण्याचे झाकणाचे भांडे आणि धान्याच्या बंद कोठ्या हा एकवेळचा संच नेहमीच्या अनुदानाबाहेर द्यावा. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडेच ठेवावी. सोलापूरच्या बाजारात जाड बुडाचे पातेले वजन करून, बोटाने वाजवून घेता येते, आणि समितीतील आया ते फार चांगले घेतात. मात्र पैसे मार्चमध्ये न पाठवता दिवाळीपूर्वी पाठवावेत.

या गोष्टी होईपर्यंत मुले थांबू शकत नाहीत, हेही खरे. म्हणून आपल्या जिल्ह्यातील सुजाण नागरिकांनाही एक सांगणे आहे. अन्नदान ही सोलापूर जिल्ह्याची जुनी रीत आहे. अक्कलकोटला अन्नछत्रात रोज हजारोंच्या पंगती उठतात, आषाढीला पालख्या जिल्ह्यात शिरल्या, की गावोगावी कढया चढतात. शाळेत तिथी भोजनाच्या निमित्ताने मुलाच्या वाढदिवसाला जिलेबी वाटणारे पालक आणि तरुण मंडळेही पुष्कळ आहेत. त्यांनी एका वर्षी जिलेबीऐवजी जाड बुडाचे, दोन्ही बाजूंना भक्कम कड्या असलेले एक पातेले शाळेला द्यावे. घरातल्या भांड्यावर आपण नाव घालून घेतो, तसे आई-वडिलांचे नाव त्यावर जरूर घालावे. मोठ्या कंपन्यांवर 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन आहे, आणि भूक, कुपोषण व शिक्षण हे विषय त्या कामांच्या यादीत आहेत. जिल्ह्यातील कारखानदारीने शाळांच्या रंगरंगोटीइतकेच लक्ष स्वयंपाकघराकडे द्यावे. अर्थात ही मदत शासनाच्या जबाबदारीच्या जागी येऊ नये, आणि दान आलेले भांडे दाखवून कोणत्याही शाळेचे अनुदान कापले जाऊ नये. दानाच्या वस्तूंची नोंद त्यासाठी वेगळ्या पानावर व्हावी.

आमच्या समितीने गेल्या बैठकीत ठराव करून चारही निकामी पातेल्यांची छायाचित्रे, वजने आणि खरेदीची वर्षे यांसह निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला आहे. त्यातील सर्वांत जुने पातेले सोळा वर्षांचे निघाले. तो प्रस्ताव या आठवड्यात आम्ही स्वतः जाऊन देणार आहोत, आणि जिल्ह्यातील इतर शाळांच्या समित्यांनाही असा प्रस्ताव करायचा असेल, तर त्याचा नमुना देण्यास आणि रजिस्टर कसे भरावे हे समजावून सांगण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक,
जि. सोलापूर